व्हायोलिनच्या रिकाम्या ओळी

"कृतार्थ म्हणा, बाबा," मुलगी म्हणाली. "समाधानी नको. समाधानी फार घरगुती वाटतं."

मास्तरांनी हनुवटी वर करून तिला कॉलर नीट करू दिली. "दोन्हीत फरक काय?"

"समाधानी म्हणजे पोट भरलं. कृतार्थ म्हणजे जन्म भरला."

"म्हणजे ताट दोन्हीकडे उचलायचंच."

मुलगी हसली नाही. ती एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि उलट उत्तरांना हसायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिने त्यांच्या खांद्यावरचा एक पांढरा केस उचलला, चष्मा रुमालाने पुसला आणि बापाला आरशासमोर उभं केलं. आरशात चित्रपटांच्या दुनियेतला सगळ्यात नावाजलेला संगीतकार दिसत होता, आणि त्याचा चेहरा दात काढून घ्यायला निघालेल्या माणसासारखा होता.

बाहेर दिवाणखान्यात मुलाखतीची तयारी चालली होती. कॅमेरावाल्यांनी पडदे ओढून भर दुपारी दिवे लावले होते, सोफा भिंतीपासून सरकवला होता आणि गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता. उद्या मास्तरांना जीवनगौरव मिळणार होता. त्या समारंभात ही मुलाखत दाखवायची, शेवटी मास्तरांनी कृतार्थ असल्याचं सांगायचं आणि त्याच दमात निवृत्ती जाहीर करायची, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मास्तर सोडून बाकी घराने स्वयंपाकघरात बसून ठरवलं होतं. मग ते त्यांना सांगण्यात आलं आणि ते गप्प बसले. या घरात गप्प बसणं हा होकार धरतात. त्यापायी आजवर दोन लग्नं आणि एका घराची विक्री चुकली आहे, पण सवय काही मोडलेली नाही.

"आणि हो," मुलगी म्हणाली, "नवीन कामाबद्दल विचारलं तर सांगा, आता नातवंडं."

"नातवंडं परदेशात आहेत."

"ते तिला कुठे माहीत आहे?"

मास्तर पुन्हा गप्प बसले. मुलीने तो होकार धरला.

*

स्वयंपाकघरात मुलांच्या आईने चहासाठी मोठी किटली काढली. शिट्टीची किटली होती. उकळी आली की ती अशी किंचाळायची की शेजारचा कुत्रा भुंकायला लागायचा. काही वर्षांपूर्वी एका सकाळी ही किटली किंचाळत असताना मास्तर तिच्या शेजारी उभे राहून शांतपणे बिस्कीट खात होते. आईने ते पाहिलं. तिने त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. मग मुलाला सांगितलं, मुलाने बहिणीला, बहिणीने काकाला, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या भावाला. सगळ्यांना कळल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं की कुणाला कळू द्यायचं नाही.

वरचे सूर गेले होते. बोलणं ऐकू यायचं, पियानोची खालची बाजू ऐकू यायची, गाडीचं इंजिन, गडगडाट, माणसाचा खोकला, सगळं यायचं. पण पक्षी, किटली, व्हायोलिनची बारीक तार, बायकांचं चढ्या आवाजातलं बोलणं, यातलं काही पोचत नव्हतं. शेवटच्या गोष्टीबद्दल काका म्हणायचा की दादाचं नशीब उघडलं. आईला हा विनोद कधी आवडला नाही.

निवृत्तीचं ठरलं तेव्हा आई मुलांच्या बाजूने होती. हा माणूस उभा जन्म खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओत राहिला, जेवायला वर आला तरी ताटावर बोटांनी ठेका धरून बसला. आता म्हातारपणी तरी तो आपल्या वाट्याला यावा, असं तिला मनापासून वाटत होतं. पण शेवटचा चित्रपट संपून बरेच महिने झाले होते आणि वाट्याला आलेला माणूस भलताच निघाला. तो फ्रिजला पाठ टेकून उभा राहायचा आणि त्याची घरघर कुठल्या सुरात आहे ते तिला सांगायचा. परवा म्हणाला, "आज अर्धा सूर उतरलाय, मेकॅनिकला बोलाव." मेकॅनिकने खरंच काहीतरी बदललं. आईला तेव्हापासून रात्री नीट झोप लागली नव्हती.

दारावरची घंटा वाजली. आधी तिथे किणकिणणारी घंटा होती. मुलाने ती काढून घोगरी, रेड्यासारखी ओरडणारी बसवली होती. काका आला. काखेत व्हायोलिनची पेटी, कारण तो कुठेही जाताना ती घेऊनच जायचा, दाढीच्या ब्लेडला गेला तरी. दादाच्या पहिल्या चित्रपटापासून शेवटच्यापर्यंत वादकांतली पहिली खुर्ची त्याची होती.

"वहिनी, नवरदेव तयार झाला का?"

"हळू बोला. ताईने त्यांना आताच पढवून ठेवलंय."

"पोपट कितीही पढवला तरी चावतो," काका म्हणाला आणि बिस्किटांचा डबा शोधू लागला.

*

मुलाखत घेणारी बाई आवाजाने चांगलीच जाड होती. मास्तरांना तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, त्यामुळे ते खुलले. पहिल्या चित्रपटाचा किस्सा त्यांनी रंगवून सांगितला. एका गायकाचं नाक बंद होतं आणि ते गाणं त्यामुळेच कसं गाजलं, तेही सांगितलं. दाराशी मुलगी उभी होती, तिच्यामागे मुलगा, भिंतीला टेकून काका. सगळं नीट चाललं होतं.

"आता शेवटच्या चित्रपटाबद्दल," बाई म्हणाली. "तो शेवटचा प्रसंग. म्हातारी तुरुंगाच्या फाटकाशी मुलाची वाट बघतेय. जो बाहेर येतो तो तिचा मुलगा नसतोच. आणि ती तरीही त्या परक्या माणसाचा हात धरून चालायला लागते. तिथे जी वर जातात..."

"कोण वर गेलं?" मास्तरांनी विचारलं.

कॅमेरावाले हसले. बाईही हसली. "व्हायोलिनं हो. ती जी वर वर चढत जातात. माझ्या शेजारचा माणूस थिएटरात हुंदके देत होता. पुरस्काराच्या मानपत्रातही त्याच प्रसंगाचा उल्लेख आहे. तिथे व्हायोलिनं आणायचं तुम्हाला कसं सुचलं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मुलगी कपाटाच्या मुठीकडे बघत होती, काका छताकडे. मुलगा कुणाकडेच बघत नव्हता, आणि त्याचा चेहरा लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"कुठली व्हायोलिनं?" मास्तरांनी शांतपणे विचारलं.

"बाबांची थट्टा करायची सवय आहे," मुलगी पुढे येत म्हणाली.

"दिवे बंद करा जरा," मास्तर उठत म्हणाले. "डोळे दुखतात. चहा घेऊ. तुम्ही लोक इथेच बसा, आम्ही आत घेतो."

*

जेवणाच्या खोलीचं दार मास्तरांनी स्वतः लावलं. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर ते बसले. बाकीचे उभेच राहिले.

"तू वाजवलंस?" त्यांनी भावाला विचारलं.

"दादा, माझ्यासमोर जो कागद ठेवतात तो मी वाजवतो. जन्मभर तेच केलं."

"कुणी ठेवला?"

काका पुन्हा छत बघू लागला. त्या छतात काहीच नव्हतं.

"मी," मुलगा म्हणाला. तो बापाचा संयोजक होता. बाप चाल आणि आराखडा द्यायचा, कुठलं वाद्य काय वाजवणार ते मुलगा मांडायचा. गेली कित्येक वर्षं तो हे करत होता, आणि पडद्यावर त्याचं नाव वेशभूषेच्या नंतर यायचं. "त्या प्रसंगाची पानं आली तेव्हा व्हायोलिनच्या ओळी रिकाम्या होत्या, बाबा. तुमचे सगळे शेवट व्हायोलिनवर होतात. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

"बोल की. एवढं लिहिलंस, आता तोंडाला काय झालं?"

"वाटलं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ते टाळलंत."

इतकी वर्षं घरभर फिरणारी गोष्ट पहिल्यांदा टेबलावर आली. तेवढ्यात स्वयंपाकघरात किटली किंचाळायला लागली. बाकी सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे जागच्या जागी खिळून राहिले, कारण आता जाऊन ती उतरवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं होतं. शेजारचा कुत्रा भुंकू लागला.

मास्तरांनी एकेकाचा चेहरा पाहिला. "किटली वाजतेय ना?" ते म्हणाले. "मग जा की कुणीतरी. पाणी आटेल. किटली वाजली की तुम्हा सगळ्यांचे डोळे एकाच वेळी तिकडे वळतात, हे मी रोज बघतो."

आई गेली, गॅस बंद करून परत आली.

"मला वरचं ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे, हेही माहीत आहे. दारावर तो रेडा आणून बांधलात तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?" मुलीने विचारलं.

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

काका फसकन हसला, मग कुणीच हसत नाही हे बघून खोकला.

"माझे वडील मूकपटाच्या पडद्याखाली पियानो वाजवायचे," मास्तर म्हणाले. ही गोष्ट मुलांनी शंभरदा ऐकली होती, पण आजचा सूर वेगळा होता. "पाठलाग असला की धावते सूर, लग्न असलं की गोड. पण पडद्यावरची बाई रडायला लागली की ते हात उचलून मांडीवर ठेवायचे. मालक ओरडायचा, पेंगलास का रे. ते म्हणायचे, ती रडतेय की. दोघांनी कशाला रडायचं? मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलेला असायचो आणि मला त्यांची लाज वाटायची. मोठा झाल्यावर ठरवून उलट केलं. बाई रडली की मी व्हायोलिनं रडवली. लोकांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? पण एकदा, एका चित्रपटात, मला बापाचं ऐकायचं होतं. म्हणून त्या ओळी रिकाम्या ठेवल्या. त्या रिकाम्याच हव्या होत्या. बारा महिने तेरा काळ मी त्यात काही ना काही भरत आलो, आणि ज्या दिवशी थांबलो त्या दिवशी माझ्याच पोराला वाटलं, म्हातारा बहिरा झाला."

"विचारायला हवं होतं मी," मुलगा म्हणाला.

"हो."

"पण विचारलं असतं तर कानांचं काढावं लागलं असतं." मुलाचा आवाज चढला, मग बापाला ऐकू यावा म्हणून त्याने तो पुन्हा खाली आणला. ही सवय त्याला कधी लागली ते त्यालाही माहीत नव्हतं. "आणि एक सांगू? मानपत्रात माझ्या व्हायोलिनचा उल्लेख आहे. आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं तेच आहे, आणि ते माझं आहे हे मला कुणाला सांगता येत नाही. उद्या तुम्ही त्याच्यासाठी व्यासपीठावर जाणार आणि मी खाली बसून टाळ्या वाजवणार. तुम्हाला राग येतोय, मला नाही येत का?"

मुलगी भावाकडे बघत राहिली. आत्तापर्यंत दोघांची मिळून एक फळी होती. तो त्या फळीतून केव्हा बाहेर पडला ते तिला कळलंच नाही.

"आण ती पानं," मास्तर म्हणाले.

*

पानं वाचतानाचा दादा काकाने जन्मभर पाहिला होता, पण इतक्यात पाहिला नव्हता. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ धरला, आणि त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट टेबलाच्या कडेवर हलायला लागलं. ओळ वर चढली तशा त्यांच्या भुवया चढल्या. काकाच्या लक्षात आलं की दादाला हे सगळं ऐकू येतंय. खोलीत वाजलं असतं तर यातला एक सूरही पोचला नसता. कागदावरून मात्र सगळ्यात वरचाही, बारीक तारेवरचाही, स्वच्छ पोचत होता. काकाला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्याने आणखी एक बिस्कीट तोंडात घातलं.

"इथे अर्ध्या लोकांना आधी का थांबवलंस?" मास्तरांनी वर न बघता विचारलं.

"श्वास घ्यायला. सगळे एकदम चढले तर दम लागल्यासारखं वाटत होतं."

"छान आहे." बोट थांबलं. "मला सुचलं नसतं."

मुलगा खुर्ची ओढून बसला.

"पण ऐक," मास्तर म्हणाले. "चढणं माझं. वर जाऊन थरथरणं माझं. शेवटी एकच सूर धरून ठेवणं, तेही माझं. माझ्या जुन्या सवयी तू माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात लिहिल्यास. यात तुझा तेवढा तो श्वास आहे. असल्या श्वासांवर स्वतःचं काहीतरी लिही आणि वर स्वतःचं नाव घाल. माझ्या नावाखाली लपलास तर मी मेल्यावर कुठे जाशील?"

मग ते उठले. "खाली चला. ही काढून टाकून एकदा दाखव मला."

"बाबा, बाहेर माणसं थांबलीयेत," मुलगी म्हणाली.

"थांबू देत. बिस्किटं द्या त्यांना. काकाने ठेवली असतील तर."

*

स्टुडिओत धूळ साचली होती. मुलाने यंत्रं सुरू केली, प्रसंग लावला आणि व्हायोलिनच्या आवाजाची पट्टी खाली ओढली. पडद्यावर तुरुंगाचं फाटक उघडलं. म्हातारीने त्या परक्या माणसाकडे पाहिलं. एक चेलो खालच्या तारेवर चार सूर बोलला आणि थांबला. पुढे फक्त पावलं. तिची घसटती, त्याची जड. ती दोघं लांब जाईपर्यंत दुसरं काही नव्हतं.

मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते. ते घरच्यांचे चेहरे बघत होते.

"काय?" प्रसंग संपल्यावर त्यांनी विचारलं.

"रिकामं वाटतं," मुलगी म्हणाली.

"मला भीती वाटली," आई म्हणाली. "वाटलं, आता ती पडेल आणि कुणी धरणार नाही."

"दादा, खरं सांगू?" काका म्हणाला. "आधी बरं होतं. मी वाजवलंय म्हणून नाही म्हणत."

"तुला काय वाटतं?" मास्तरांनी मुलाला विचारलं.

मुलाचा हात अजून पट्टीवर होता. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "पुन्हा एकदा बघावंसं वाटतं."

मास्तरांनी मान हलवली. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत दिसला नव्हता इतका ताजा दिसत होता. चार माणसांपैकी तिघांनी नापसंत केलं होतं आणि हा माणूस कौल जिंकल्यासारखा उभा होता.

"चुकलं असेल," ते म्हणाले. "चुकलं असेल तर चुकू दे, पण माझं चुकू दे. आयुष्यभर बरोबर आलं ते सगळं माझं होतं, मग हे दुसऱ्याने का दुरुस्त करायचं?"

"आम्ही तुमचं नाव जपत होतो," मुलगी म्हणाली. आता तिच्या आवाजात मुख्याध्यापिका नव्हती. "बाबा, आज लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. उद्या एखाद्या ठिकाणी काही राहून गेलं, कुणाच्या लक्षात आलं, तर हेच लोक हसतील. मला ते बघवणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ झाकून पियानो वाजत नाही, बाळा."

ती रडकुंडीला आली होती. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मागे हटले नाहीत. "त्या खाणीच्या चित्रपटवालीला तू नाही म्हणालीस."

मुलीने चमकून वर पाहिलं. महिन्यापूर्वी एका नवख्या दिग्दर्शिकेचा फोन आला होता. जमिनीखाली अडकलेल्या माणसांवरचा लहानसा चित्रपट, सगळा अंधारातला. मुलीने तो फोन परस्पर घेतला होता आणि बाबा आता काम करत नाहीत असं सांगितलं होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच. दारात आली होती, तुम्ही सगळे लग्नाला गेला होतात तेव्हा. रेडा ओरडला, मी उघडलं. ती घंटा मला छान ऐकू येते. तिचं बोलणं निम्मं ओठांवरून वाचलं." ते काकाकडे वळले. "सगळं खाली आहे त्यात. चेलो, मोठी ढोलकी, ऑर्गनचे खालचे पाईप. व्हायोलिन एकही नाही."

"म्हणजे मी गेलो," काका म्हणाला.

"तू मोठं व्हायोलिन घे. व्हायोला. लहानपणी वाजवायचास, आठवतं? बाबा म्हणायचे, याचा हात खालीच खरा आहे. तुला वर मी चढवलं."

"या वयात?"

"मग काय, कृतार्थ होऊन बसणार आहेस?"

काकाने पेटीवरून हात फिरवला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही," तो वहिनीला म्हणाला. पण तो हसत होता, आणि डावी बोटं पेटीवरच लांब लांब टाकून बघत होता.

*

दिवे पुन्हा लागले. या वेळी मास्तरांनी मुलाला आपल्या शेजारी खुर्ची मांडायला लावली. बाईने विचारलं, हे कोण. मास्तर म्हणाले, सांगतो. मुलगी दाराशी आपल्या जागी जाऊन उभी राहिली, पण आता ती डोळ्यांनी खुणा करत नव्हती.

"शेवटचाच प्रश्न राहिलाय," बाई म्हणाली. "एवढं काम, एवढं प्रेम, आणि आता हा सन्मान. मागे वळून बघताना तुम्हाला कृतार्थ वाटतं?"

"नाही," मास्तर म्हणाले.

बाई थांबली. पुढे काहीतरी येईल असं तिला वाटलं. आलं, पण ते तिच्या अपेक्षेतलं नव्हतं.

"लोक ज्या व्हायोलिनवर रडले ती याची आहेत. हा माझा मुलगा. मी तिथे काही लिहिलंच नव्हतं. उद्याच्या मानपत्रात तेवढं दुरुस्त करून घ्या, नाहीतर मी व्यासपीठावर वाचून दाखवीन. दुसरं. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. बरीच वर्षं झाली. घरचे लपवत होते, मीही लपवत होतो, आता कंटाळा आला."

कॅमेऱ्यामागचा माणूस यंत्र बंद करायला वाकला.

"चालू ठेवा," मास्तर म्हणाले. "हे दाखवा सगळ्यांना. ज्याला मला काम द्यायचंय त्याने हे ऐकून मगच यावं. मला दया नको आणि निरोपही नको. कृतार्थ वगैरे त्यांनी म्हणावं ज्यांचं लिहून झालं. माझा बाप पडद्याखाली हात मांडीवर ठेवून बसायचा ते मला आत्ता कुठे कळायला लागलंय. एवढ्यात उठवता होय मला?"

मुलगा शेजारी ताठ बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. बाईने त्याला काहीतरी विचारलं, आणि तो उत्तर द्यायला लागला तेव्हा मास्तर जरा मागे टेकून त्याच्याकडे बघत राहिले. दाराशी मुलीने डोळे पुसले आणि भावाची कॉलर वाकडी आहे हे तिच्या लक्षात आलं, पण ती पुढे झाली नाही.

आई मात्र तिथे नव्हती. ती स्वयंपाकघरात दार लोटून फ्रिजजवळ उभी होती. मुलीच्या फोनमधून तिने त्या दिग्दर्शिकेचा नंबर आधीच उतरवून घेतला होता. का घेतला होता, ते तेव्हा तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. हा माणूस आता परत खाली जाणार, परत ताटावर ठेका धरणार. तिला त्याचं वाईट वाटत होतं, आणि छाती मोकळीही झाली होती. फ्रिज घरघरत होता. कुठल्या सुरात ते तिला सांगता आलं नसतं.

तिने नंबर लावला. पलीकडून एका मुलीचा बारीक, घाईतला आवाज आला.

"तुमच्या त्या खाणीच्या चित्रपटासाठी बोलतेय," आई म्हणाली. "मी त्यांच्या घरून. हो, करणार आहेत. उद्या तो समारंभ आहे, परवा सकाळी या." ती क्षणभर थांबली. "आणि एक सांगते, मनात ठेवा. त्यांच्याशी बोलताना आवाज जरा खाली घ्या. बारीक आवाज त्यांना ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं."